ऊन लागत नाही, असं मी म्हणाले होते

माझे बाबा घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, की ते क्रीममुळे वाचले. "पोट्टीनं क्रीम देल्ली होती तोंडाले लावाले, म्हणून वाचलो. नाही तर गेलोच होतो मी." त्यांचं बोलणं आता हळू झालंय, शब्द जिभेवर अडखळतात. एवढं वाक्य पुरं करायलाही त्यांना वेळ लागतो, आणि समोरचा माणूस तेवढा वेळ मान डोलवत थांबतो. मी बहुतेक वेळा तिथेच असायची, पाण्याचा ग्लास घेऊन. ऐकायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. दोन वर्षं मी हेच केलं. कारण बाबा त्या क्रीममुळे वाचले नव्हते. त्या क्रीमबद्दल मी जे बोलले, त्यामुळे ते पडले होते.

सुरुवात माझ्या चेहऱ्यापासून करावी लागते, आणि त्याची मला लाज वाटते. कुठे बापाचा जीव आणि कुठे माझे पिंपल! पण झालं ते असंच झालं.

तेव्हा मी अठ्ठावीसची होते. पिंपल कॉलेजात सुरू झाले होते आणि सगळे म्हणायचे, वय गेलं की जातील. वय गेलं, पिंपल राहिले. बेसाहून सीताबर्डीला रोज स्कूटीनं ऑफिस. नागपूरच्या मुली कशा जातात ते इथं कोणाला सांगायला नको: डोकं, कान, नाक, गाल, सगळं स्कार्फनं आवळून बांधलेलं, फक्त डोळे उघडे. बाहेरगावच्या लोकांना त्याचं हसू येतं. मला तर तो स्कार्फ देवानं धाडल्यासारखा वाटायचा. व्हरायटी चौकातल्या सिग्नलला पन्नास गाड्या उभ्या असल्या तरी माझी हनुवटी कोणी बघू शकत नव्हतं.

मग लग्न ठरलं. जूनमधली तारीख निघाली आणि माझा चेहरा घरादाराचा विषय झाला. मावशीनं बेसन सांगितलं, काकूनं कडुनिंब, ऑफिसातल्या मैत्रिणीनं सनस्क्रीन. "ऊन लागून डाग काळे पडतात गं तुझे, सनस्क्रीन लावत जा," ती म्हणाली. ते खरंच होतं. पिंपल गेला तरी त्याच्या जागी तपकिरी ठिपका महिनोन्‌महिने बसून राहायचा. मी ट्यूब आणली. आठ दिवसांत कपाळावर बारीक रवाळ पुटकुळ्या, एकीला लागून एक. ती ठेवून दुसरी आणली, तिनं गाल भरले. तिसरी जाड पांढरी होती, लावली की मी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसायची. त्या तिसरीनं तर हनुवटीवर असे दुखरे गड्डे आणले, की पोळीचा घास चावताना कळ यायची. मी आरशासमोर उभी राहून रडले. चिडले, तिन्ही ट्यूबा बेसिनवरच्या फळीवर आपटल्या आणि धंतोलीतल्या एका चामडीच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

बाई शांत होत्या. माझं तोंड दिव्याखाली धरून बघितलं आणि विचारलं, क्रीम रात्री धुता का? मी म्हटलं, पाणी मारते. स्कार्फ कितीदा धुता? मी म्हटलं, रविवारी. मग त्यांनी सावकाश समजावलं. या तिन्ही क्रीम तेलकट आहेत, तुमच्या त्वचेची छिद्रं बुजवतात. जेलसारखी पातळ, बिनतेलाची लावा. रात्री नीट फेसवॉशनं काढा. आणि हा स्कार्फ असा आवळू नका. घामात घासला जातो, त्यानं पुटकुळ्याही येतात आणि लावलेली क्रीमही पुसून जाते. सुती घ्या, रोज धुतलेला घ्या, सैल बांधा.

एवढं सगळं बोलल्या त्या. मी घरी काय आणलं? स्कार्फनं क्रीम पुसली जाते. एवढंच. मला लहानपणापासून ही खोड आहे, अर्धं ऐकायचं आणि पुरं सांगायचं, तेही मास्तरणीसारखं बोट नाचवत.

आता बाबा. बाबा वीज खात्यात लाइनमन होते. उभा जन्म खांबावर गेला, आणि खांबाला सावली नसते. पण त्यांना एकदाही ऊन लागलं नाही. त्यांची एक रीत होती. सकाळी निघण्याआधी पांढरा सुती दुपट्टा नळाखाली धरायचा, पिळायचा, झटकायचा आणि डोक्याला, कानाला, मानेला गुंडाळायचा. शर्टाच्या खिशात एक कांदा. पोटात दोन तांबे पाणी. दुपारी कुठेही असले तरी हापशी शोधून दुपट्टा पुन्हा ओला करायचा. रिटायर झाल्यावरही नुसतं भाजी आणायला निघाले तरी आधी नळ, मग दुपट्टा. आम्ही चेष्टा करायचो. "बाबा, चौकापर्यंतच चाललात, काश्मीर ते कन्याकुमारी नाही." ते म्हणायचे, "ऊन चौक पाहत नाही वं बाई."

आमच्या घरात ऊन लागणं हा शब्द हळू आवाजात म्हटला जायचा. ऊन लागलं म्हणजे माणूस काळा पडला असं नाही. ऊन लागलं म्हणजे अंग भट्टी, घाम बंद, उलट्या, बडबड. बाबांच्या बरोबरचे एक जण असेच खांबाखाली बसले आणि उठले नाहीत. त्यांच्या घरी बाबांनी मला नेलं होतं, मी सहावीत असेन. हा शब्द मी त्या घरात शिकले. म्हणजे मला कळत नव्हतं असं नाही. मला दोन्ही मराठी येत होत्या, घरची आणि ऑफिसातली. ऑफिसात ऊन लागणं म्हणजे टॅन होणं, नाकाचा शेंडा काळवंडणं. त्या दिवशी घरात उभी राहून मी ऑफिसातली मराठी बोलले.

मे सरत आला होता. बाबा बेसिनशी दात घासत होते. फळीवरची जाड पांढरी ट्यूब त्यांनी हातात घेतली.

"हे कायचं हाय वं?"

"सनस्क्रीन. मला नाही चालली, पिंपल येतात. तुम्ही लावा, तुमच्या चामडीला काय होतंय!"

"लावून काय होते?"

मी घाईत होते, एका हातानं वेणी घालत होते. म्हटलं, "ऊन लागत नाही ह्यानं."

बाबांनी ब्रश तोंडातून काढला. "ऊन लागत नाही?" असं, परत, माझ्याकडे वळून विचारलं. माणूस इतक्या वर्षांच्या सवयीबद्दल विचारत होता, आणि मला ते कळलं नाही. मला वाटलं, नेहमीसारखं दोनदा विचारतायत.

"हो ना बाबा! डॉक्टरनं सांगितलंय."

त्यांनी बोटावर थोडी घेतली, वास घेतला, गालाला लावली. आरशात बघून लाजले. "पत्रिका वाटाले जातो ना गावोगाव, काळाठिक्कर होऊन राहिलो. तुह्या लग्नाच्या फोटोत कोळशावानी दिसन मी." मग जरा थांबून म्हणाले, "पण दुपट्ट्यानं पुसून नाही जात?"

"जाते. दुपट्टा नका बांधू."

हे वाक्य मी म्हटलं. तीन शब्द. स्कूटीची किल्ली शोधत शोधत म्हटलं. मी त्या वाक्याला नंतर इतक्या वेळा उलटंपालटं केलंय, की आता ते कोणी दुसऱ्यानं म्हटल्यासारखं ऐकू येतं. पण आवाज माझाच आहे, आणि त्यात ती घाईही आहे.

आमच्याकडे पत्रिका हातात द्यायची असते. मोबाइलवर पाठवली तर लोक लग्नाला येतात, पण जेवून जाताना टोमणा मारून जातात. आमचं गाव उमरेडकडे, भावकी सगळी त्या रस्त्यावरच्या गावांतून शेती करून राहणारी. बाबांनी पत्रिकांची पिशवी स्कूटरला लावली आणि निघाले. क्रीम लावून पहिले दोन दिवस बरे आले. आल्या आल्या तोंड धुवायचे आणि मला सांगायचे, "मस्त हाय तुही क्रीम. काहीच नाही झालं." मी खूश. मी माझ्या नव्या जेलमध्ये गुंतलेली होते, सकाळ-संध्याकाळ आरशात गड्डे मोजत.

तिसऱ्या दिवशी नवतपा लागला होता, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. दुपारी ऑफिसात फोन आला, बाबांच्या नंबरावरून, आवाज दुसऱ्याचा. रसवंतीवाला होता. म्हणाला, काका स्कूटर लावून बाकावर बसले, रस मागितला आणि काहीच्या काही बोलून राहिले, मग आडवेच झाले. त्या भल्या माणसानं त्यांच्या अंगावर बर्फाचं पाणी ओतलं, रस्त्यावरची एक गाडी थांबवली आणि बरोबर बसून नागपूरला घेऊन आला. बाबा वाचले ते त्याच्यामुळे. त्याच्या बर्फामुळे. हे मी आज लिहून ठेवते.

दवाखान्यात बाबांच्या अंगावर ओल्या चादरी होत्या आणि ते मला ओळखत नव्हते. खांबावर चढलेल्या कोणाला तरी ओरडत होते, "उतर गा, उतर, लाइन चालू हाय." नर्स त्यांचं तोंड कापसानं पुसत होती. कापूस पांढराफटक निघायचा. कानापाशी, भुवयांत, मिशांत, सगळीकडे ती पांढरी क्रीम घट्ट बसली होती. नेहमीपेक्षा जास्त लावली होती त्या दिवशी. "काय थापलं आहे हे यांना?" नर्सनं विचारलं.

आई भिंतीला धरून उभी होती. तिनं बाबांचं डोकं बघितलं, मान बघितली, पिशवी बघितली. "दुपट्टा कुठं हाय ह्यायचा?" तिनं मला विचारलं. "खिशात कांदा बी नाही. असे कसे निंगाले हे?" डॉक्टरांनीही तेच विचारलं, डोक्याला काही बांधलं नव्हतं का? सगळे माझ्याकडे बघत होते, कारण आम्हा दोघींत बोलकी मी.

"माहीत नाही," मी म्हटलं.

रात्री कपडे घ्यायला घरी गेले. दुपट्टा खुंटीला होता. घडी घातलेला, कोरडा. मी त्याला हात लावला नाही.

बाबा जगले. पण उन्हानं त्यांच्या डोक्यातलं काहीतरी शिजवून टाकलं होतं. चालताना तोल जातो, हात थरथरतो, बोलणं जड. ज्या माणसानं खांबावर एका पायावर उभं राहून तारा जोडल्या, तो आता संडासात जाताना भिंत धरतो. लग्न जूनमधून हिवाळ्यात गेलं, साधं झालं. बाबा खुर्चीत बसून होते. फोटोवाल्यानं अल्बम दिला तेव्हा बघितलं, त्यानं माझे सगळे डाग पुसून टाकले होते. आणि बाबांचा चेहराही गोरा करून दिला होता. मी तो अल्बम पलंगाखालच्या पेटीत टाकला आहे.

त्या सहा महिन्यांत मी तोंडाला काही लावलं नाही. ना जेल, ना क्रीम. शिक्षा म्हणून, दुसरं काय! तोंड भरून आलं. नवऱ्याकडच्यांनी कुजबूज केली असेल, मला फरक पडत नव्हता. शेवटी त्यानंच, म्हणजे नवऱ्यानं, मला जबरदस्तीनं धंतोलीला परत नेलं. बाईंनी विचारलं, औषध का सोडलं? आणि जे मी आईला सांगितलं नव्हतं, ते सगळं त्या परक्या बाईसमोर घडाघडा बोलले. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "ते क्रीम सूर्याचे किरण अडवतं. उष्णता अडवत नाही. हे मी प्रत्येकाला सांगायला हवं, आणि मी सांगत नव्हते." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या म्हणाल्या, "पण तुम्ही घरी सांगा." मी मान हलवली, औषध घेतलं. औषधानं हळूहळू तोंड बरं झालं. घरी मात्र काही सांगितलं नाही.

आणि बाबा बोलायला लागले तेव्हापासून त्यांचं ते सुरू झालं होतं. क्रीममुळे वाचलो. भेटायला येणाऱ्याला, फिजिओथेरपीवाल्याला, दूधवाल्याला. मला वाटायचं, त्यांना खरंच तसं वाटतं. डोक्यावर परिणाम झालाय, असू दे. आणि आत एक हलकट आवाज म्हणायचा, बरंच आहे.

यंदाच्या एप्रिलमधली गोष्ट. मी आता दहा मिनिटांवर राहते, सकाळी ऑफिसच्या आधी बाबांचे व्यायाम करून घ्यायला येते. त्या दिवशी शेजारचे काका आले. घरांना बाहेरून रंग देण्याचं काम करतात, दिवसभर झुल्यावर लटकून, भिंतीला तोंड करून. बाबांनी त्यांना पूर्वीच आपली कथा ऐकवलेली. काका मला म्हणाले, "बेटा, त्या क्रीमचं नाव लिहून दे ना. झुल्यावर दुपट्टा लय अडकते, दोरीत फसते. तुह्या बाबाचा जीव वाचला म्हणते तिच्यानं, तर मी बी तेच लावीन आन्‌ दुपट्ट्याची कटकट सोडून देईन."

त्यांनी चिठ्ठी आणि पेन पुढे केलं. बाबा खुर्चीत बसले होते, हातात रबरी चेंडू. आई दारात गहू निवडत होती. मी पेन घेतलं सुद्धा.

"काका," मी म्हटलं, "दुपट्टा सोडू नका. त्या क्रीमनं ऊन लागायचं थांबत नाही. नुसतं काळं पडायचं थांबतं. बाबा तिच्यामुळे वाचले नाहीत. मीच त्यांना म्हटलं होतं, ऊन लागत नाही, दुपट्टा बांधू नका. म्हणून ते पडले. मी म्हटलं म्हणून."

आईच्या सुपातल्या गव्हाचा आवाज थांबला. काकांनी एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, चिठ्ठी खिशात घातली, "बरं बेटा, बांधतो," म्हणाले आणि चपला घालून गेले. मी बाबांच्या खुर्चीपाशी खाली बसले. मला वाटलं, आता ते ओरडतील, आणि ओरडले तर बरं होईल.

"मले माहीत हाय," बाबा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"क्रीमनं काही होत नाही ते. दवाखान्यात शुद्ध आली तवाच समजलं मले. मी का येडा हाय? उभा जन्म उन्हात काढला."

"मग काहून सांगत होते सगळ्याले?" माझ्या तोंडून त्यांचीच भाषा आली.

त्यांनी चेंडू मांडीवर ठेवला. शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागला. "लोकं इचारत, दुपट्टा काहून नाही बांधला. मग कोणाचं नाव सांगू? म्हणून मी आधीच क्रीमचं नाव घेत जाओ. क्रीममुळं वाचलो म्हटलं की कोणी दुपट्ट्याचं इचारत नाही."

दोन वर्षं. इतकं जड बोलणं, एकेक शब्द ओढून आणायचा, आणि ते सगळे शब्द त्यांनी माझ्यावर पांघरूण घालायला खर्च केले. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडले, लाज सोडून. ते थरथरत्या हातानं थोपटत राहिले. "कायले रडून राहिली वं. तोंडाले पाणी लागन, पिंपल येईन," म्हणाले.

आईनं मात्र माझ्याशी बोलणं सोडलं. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी यायची, बाबांचे हातपाय हलवून घ्यायची, ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. चहा बाबांच्या हाती पाठवायची, ते भिंत धरून येईपर्यंत अर्धा बशीत सांडलेला तो माझ्यापर्यंत यायचा. मी तो मुकाट्यानं प्यायची. हक्क होता तिचा. तिचा धडधाकट नवरा मी माझ्या घाईत घालवला होता, आणि वर "माहीत नाही" म्हणाले होते.

तिसऱ्या दिवशी मी निघाले. चेहऱ्याला जेल लावलेलं, वर सुती स्कार्फ सैल बांधलेला. स्कूटी स्टँडवरून काढली तर मागून आवाज आला, "थांब." आई फाटकाशी आली होती. दोन वर्षांपूर्वी कोरडा राहिलेला बाबांचा पांढरा दुपट्टा तिच्या हातात होता, ओला, पिळलेला. तिनं माझा स्कार्फ सोडला, माझ्या खांद्यावर टाकला, आणि दुपट्टा माझ्या डोक्याला, कानाला, मानेला गुंडाळला. घट्ट. पाण्याचे थेंब पाठीवरून खाली गेले. मग पदराच्या गाठीतून एक कांदा काढून तिनं माझ्या पर्समध्ये टाकला.

"ऊन लागन," ती म्हणाली.